पहिला डोंगर नेमगिरीचा

परभणीहून जिंतूरची एसटी धरली की झरी मागे पडते आणि मग बोरी येते. दोन्ही अंगांना काळं रान. सोयाबीन, कापूस, मध्येच तुरीची पट्टी. डोंगर म्हणावा असं काही नजरेला लागत नाही. म्हणूनच की काय, इथल्या कॉलेजातल्या पोरांनी ट्रेकला जायचं मनावर घेतलं की बेत थेट कळसूबाईचा ठरतो. मोबाइलवर ढगांतल्या शिखराचे व्हिडिओ पाहिलेले असतात, एकाचा चुलतभाऊ नाशिकला असतो, आणि रात्रीच्या गाडीची तिकिटं निघतात. म्हणजे जागरण झालेलं, पोटात फक्त चहा-बिस्किटं, पायात कॉलेजला घालायचे बूट, आणि आयुष्यातली पहिली चढण १६४६ मीटरच्या, राज्यातल्या सगळ्यात उंच शिखराची.

जाऊ नये असं नाही. पण क्रम उलटा आहे. बोरीच्या माणसाने पहिला डोंगर नेमगिरीचा चढावा, मग लोणारच्या विवरात उतरावं, मग देवगिरी, मग अजिंठ्याच्या रांगेतला एखादा किल्ला, आणि कळसूबाई त्यानंतर. यामागे गावाचा अभिमान वगैरे नाही. कारण पायांत आहे, आणि ते पुढे येईलच.

आधी आपलं रान एवढं सपाट का, ते पाहू. महाराष्ट्राचा बहुतेक भाग साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेल्या लाव्हाने बनला. एकावर एक थर साचत गेले आणि त्यांचाच काळा कातळ झाला. पश्चिमेला हे थर उंच उचललेले आहेत आणि कोकणाच्या बाजूने तुटले आहेत, त्यामुळे तिथे सह्याद्रीचे कडे उभे राहिले. पूर्वेकडे तेच पठार हळूहळू उतरत जातं. गोदावरी, दुधना, पूर्णा यांनी ते कापून, घासून सपाट केलं. परभणी समुद्रसपाटीपासून जेमतेम चारशे मीटरवर आहे. जिल्ह्याच्या उत्तरेला अजिंठ्याच्या रांगेचं शेपूट जिंतूरपर्यंत येतं, दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटचे डोंगर लागतात. मधला भाग नांगराचा. जिंतूरच्या टेकड्या म्हणूनच बुटक्या आणि सपाट माथ्याच्या आहेत, आणि नवख्या पायांना नेमकं तेच हवं असतं.

आपल्या भागातल्या माणसाला चालायची सवय नाही असं कोणी म्हणणार नाही. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड करत महिनाभर चालत पंढरपूर गाठते आणि आपल्याकडचे साठीचे बाप्पे तिच्यात सहज चालतात. पण सपाटीवरचं चालणं वेगळं आणि चढणं वेगळं. साठ किलोचं शरीर आणि पाच किलोची पाठपिशवी तीनशे मीटर वर न्यायची, तर स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेतला फार तर चौथा हिस्सा वर उचलण्याच्या कामी येतो. उरलेले तीन हिस्से उष्णता होऊन अंगातच राहतात. ती बाहेर काढायला घाम हवा आणि घामाला पाणी हवं. चढावर दहा मिनिटांत सदरा भिजतो तो याचमुळे, आणि पाण्याचा हिशेब अंतरावर नव्हे, चढावर करायचा तो यासाठीच. थंडीतही चढताना तासाला अर्धा लिटर धरून चाला. ऊन असेल तर त्याहून जास्त.

दम लागतो तो उंचीमुळे, असं पुष्कळांना वाटतं. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो आणि महाराष्ट्रात तेवढी उंच जागाच नाही. इथे दम लागतो तो वेगामुळे. पहिल्या अर्ध्या तासात इतरांच्या बरोबरीने धावत सुटायचं आणि मग दगडावर बसून धापा टाकायच्या, हा नवख्यांचा ठरलेला कार्यक्रम. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर वेग बरोबर आहे. शब्द तुटायला लागले की पाऊल लहान करायचं. थांबायची गरज नसते, लहान पावलाने चालत राहायचं.

वेळेचा अंदाज बांधायला एक जुना नियम अजून उपयोगी पडतो. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. कळसूबाईला लावून पाहा. पायथ्याच्या बारी गावातून एका बाजूचं अंतर साडेसहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सव्वा तास. चढ साडेआठशे-नऊशे मीटर, म्हणजे दीड तास. एकूण पावणेतीन तास, आणि तेही सराव असलेल्या माणसाचे. त्यात ना फोटो, ना बसणं. नवख्याने दीडपट धरावी, म्हणजे चार तास. उतरायला तीन. सात तास पायांवर काढण्याची आपली तयारी आहे का, हा प्रश्न तिकीट काढण्याआधी विचारायचा असतो.

आता पायांचं. चढताना मांडीचा पुढचा मोठा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू लांब होत असतो आणि लांब होता होताच सगळं वजन रोखून धरत असतो. हे रोखून धरणं स्नायूला फार जड जातं, त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. गंमत म्हणजे उतरताना दम लागत नाही, त्यामुळे आपण मजेत असतो. दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं आणि आठवडाभरात निघून जातं. जिना उतरताना कठडा धरणारा, बसल्यावर उठताना ‘आई गं’ म्हणणारा माणूस दिसला की समजावं, रविवारी डोंगरावर होता.

पण या दुखण्याचा एक मोठा फायदा आहे. एकदा उतरणीने दुखलेला स्नायू दुरुस्त होताना पुढच्या खेपेसाठी तयार होतो, आणि पुढचे काही आठवडे तसंच काम पडलं तर तो फार कमी दुखतो. व्यायामशास्त्रात हे नीट अभ्यासलेलं आहे. म्हणून कळसूबाईच्या दोन-तीन आठवडे आधी एखादी बुटकी टेकडी तीन-चार वेळा चढून उतरणं, हे महिनाभर सपाट रस्त्यावर पळण्यापेक्षा जास्त कामाचं. टेकडीही जवळ नसेल तर तीन मजली इमारतीचा जिना चालतो. एक मजला साधारण तीन मीटरचा धरला तर शंभर मजले म्हणजे तीनशे मीटर. अर्थात एका दिवसात नाही, आणि उतरणं चुकवायचं नाही.

उतरण्याची रीतही शिकून घ्यावी लागते. आपल्या टेकड्यांवर कातळाच्या पायऱ्यांवर मुरमाचा घसारा पसरलेला असतो. गोट्यांसारखे खडे टाचेखाली फिरतात, टाच पुढे सरकते, आणि माणूस घाबरून मागे रेलतो. मागे रेललं की वजन टाचेवर जातं आणि बूड आपटतं. करायचं असतं याच्या उलट: गुडघे किंचित वाकवून अंग थोडं पुढे, पाऊल लहान आणि सपाट, नजर पुढच्या दोन-तीन पावलांवर. तिरकं उतरलं तर आणखी बरं. बुटाच्या लेसचंही तसंच आहे. चढताना सैल चालतात. उतरण्याआधी बसून लेस सोडायच्या, टाच मागे ठोकून बसवायची आणि घोट्याजवळच्या शेवटच्या भोकांतून लेस घट्ट आवळायच्या. तसं केलं नाही तर पाय आत पुढे सरकत राहतो, अंगठ्याचं नख बुटाला ठोकरत राहतं आणि चार दिवसांनी काळं पडतं. महागडे बूट नकोत, तळ खोल नक्षीचा हवा. पुण्या-मुंबईचे ट्रेकर वर्षानुवर्षं ‘ॲक्शन’चे साधे बूट घालून सह्याद्री फिरत आले आहेत. नवे बूट मात्र आधी पंधरा दिवस गावात वापरावेत.

आता जागा. जिंतूरपासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरी आणि चंद्रगिरी या जोडटेकड्या आहेत. नेमगिरीवर जैन लेणी आहेत. आत नेमिनाथांच्या आणि इतर तीर्थंकरांच्या पाषाणमूर्ती आहेत, आणि अगदी लहानशा दगडावर तोललेली पार्श्वनाथांची मूर्ती पाहायला लांबून लोक येतात. दारं एवढी बुटकी की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. बोरीहून सकाळच्या एसटीने निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी परत येऊ शकतो. चढ छोटा आहे, म्हणून एकदा जाऊन ‘एवढंच?’ म्हणू नये. इथे सराव करायचा. भरलेली पिशवी पाठीवर घेऊन वर-खाली जायचं, घसाऱ्यावर उतरून पाहायचं, बूट कुठे चावतो ते शोधायचं. तीर्थक्षेत्र आहे, तेव्हा डबा खाली उघडायचा आणि रील आवरतं घ्यायचं. वेळ उरला तर चारठाण्याची जुनी देवळं नाहीतर येलदरीचं धरण त्याच दिवशी होतं.

पुढचं लोणार, बोरीहून गाडीने दोन-अडीच तासांवर. उल्कापाताने कातळात पडलेलं हे विवर जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद आहे, आणि २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. ट्रेकर म्हणून पाहिलं तर लोणार हा उलटा डोंगर. काठावरून पाण्यापर्यंत सव्वाशे-दीडशे मीटर आधी उतरायचं, आणि चढण परतताना, म्हणजे नेमकी ऊन तापल्यावर आणि बाटली रिकामी झाल्यावर. खाली जाणं सोपं म्हणून माणूस खालीच रमतो. सरोवराचं पाणी खारं आणि अल्कलीयुक्त, प्यायच्या उपयोगाचं नाही. तेव्हा अर्धं पाणी परतीसाठी राखून ठेवायची शिस्त शिकायला याहून चांगली शाळा नाही.

देवगिरीचा किल्ला बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो, म्हणून त्याला कोणी ट्रेक समजत नाही. ही चूक आहे. यादवांची राजधानी असलेला हा डोंगर चोहोबाजूंनी तासून उभा केलेला आहे. खंदक, मग अंधारी हा काळोखा भुयारी मार्ग, मग बारादरीपर्यंतच्या शेकडो पायऱ्या. पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या आहेत, त्यामुळे उतरताना गुडघ्यांची खरी परीक्षा होते. वाट चुकायची भीती नाही, माणसांची वर्दळ असते. डोक्याला बांधायची बॅटरी असेल तर अंधारीत दोन्ही हात मोकळे राहतात. परभणीहून सकाळच्या गाडीने छत्रपती संभाजीनगर गाठलं तर किल्ला एका दिवसात होतो.

खऱ्या अर्थाने डोंगर लागतो तो कन्नड, सोयगाव, सिल्लोडच्या बाजूला, आणि मला वाटतं मराठवाड्याच्या ट्रेकरने सगळ्यात जास्त दुर्लक्ष केलेला हाच भाग आहे. गौताळा अभयारण्यात अंतूर किल्ला आहे. सोयगावजवळ, हळदा घाटाच्या रस्त्याला लागून वेताळवाडीचा किल्ला आहे. घाटातून पाहिलं की त्याची तटबंदी समोर येते आणि दार थोड्या चालीवर. त्याच रांगेत जंजाळ्याचा किल्ला आणि जवळच घटोत्कच लेणी आहेत. अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं करवणारा वाकाटकांचा मंत्री वराहदेव, त्याचाच शिलालेख तिथेही आहे. अंतूरच्या वाटेवरचा एक दगडी खांब मला किल्ल्याइतकाच आवडतो. कोणती वाट कुठल्या गावाला जाते ते त्यावर फारसीत कोरलेलं आहे. निजामशाहीच्या काळात वाटसरूंसाठी उभारलेली ही पाटी. आज तिथे जाणाऱ्याने मोबाइलच्या नकाशावर विसंबू नये. रेंज जाते, आणि ढोरवाटा इतक्या की मळलेली वाट कोणती ते कळत नाही. पायथ्याच्या गावातला एखादा गुराखी किंवा जाणता माणूस सोबत घ्यावा आणि त्याला रीतसर पैसे द्यावेत.

कधी जावं याबाबत पुण्या-मुंबईचा सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. ते पावसाळ्यात निघतात, पण सह्याद्रीच्या माथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. धुकं, निसरडे कातळ, अचानक भरणारे ओढे, हे नवख्याचं काम नव्हे. परभणीकडे वर्षाला आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस, तोही उघडीप देत. त्यामुळे आपल्या टेकड्या ऑगस्टमध्ये हिरव्या असतात आणि चालण्याजोग्याही. मार्च उजाडला की मात्र इथला हंगाम संपला. पारा चाळिशीच्या पार गेल्यावर सावली नसलेल्या काळ्या कातळावर जाणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. सोबत्याचं बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, तो अडखळायला लागला, तर तो थकलाय असं समजून बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

पावसापेक्षा मला भीती विजेची वाटते. मराठवाड्यात दरवर्षी वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात. वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात, बहुतेक दुपारनंतर. टेकडीचा बोडका माथा ही अशा वेळी सगळ्यात वाईट जागा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा माथा आणि धार सोडून लगेच खाली निघायचं. एकट्या झाडाखाली किंवा उथळ गुहेच्या तोंडाशी थांबायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर असावं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची हवामान पत्रिका मंगळवार-शुक्रवारी निघते. फवारणीसाठी घरात ती पाहिली जातेच, ट्रेकसाठीही पाहावी.

किल्ल्यांवर आणखी एक धोका, आग्या मोहोळ. कड्याच्या पोटाला, कमानीखाली ही पोळी लटकलेली असतात. अत्तर लावून जाऊ नये, शेकोटी करू नये, आरडाओरडा आणि दगड तर नाहीच. माश्या उठल्याच तर हातवारे न करता तोंड-डोकं कापडाने झाकून तिथून लवकर दूर व्हायचं, पण कड्याच्या बाजूला धावायचं नाही.

पिशवीत काय, याची मोठमोठी यादी लागत नाही. दोन-तीन लिटर पाणी, ओआरएसच्या पुड्या, दशम्या किंवा भाकरी-ठेचा, गूळ-शेंगदाणे, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टोपी, उपरणं, बॅटरी, शिट्टी, पट्टी आणि नेहमीची औषधं. चिप्स आणि थंड पेयं खालीच राहू द्या. प्लॅस्टिक वर नेलं तर खाली आणायचं, एवढं सांगायची खरं तर गरज पडू नये, पण किल्ल्यांची टाकी पाहिली की सांगावं लागतं.

पैसे भरून एखाद्या ग्रुपबरोबर जाणार असाल तर एक प्रश्न आधीच विचारा. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं आणि त्यानुसार अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. नोंदणी आहे का, प्रथमोपचार शिकलेला माणूस बरोबर आहे का, किती जणांमागे किती वाटाडे? उत्तरात आढेवेढे आले तर त्या पैशांत एसटीने दोन वेळा नेमगिरी होईल.

एवढं झाल्यावर सह्याद्री. पुण्याच्या बाजूला कोणी नातेवाईक असेल तर सुरुवात लोहगडापासून करावी. मळवली स्टेशनवरून चालत जाता येतं, किल्ल्याला पायऱ्या आहेत, उंची हजार मीटरच्या थोडी वर, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत त्याचा समावेश आहे. मग कळसूबाई. परभणी किंवा सेलूहून मनमाडमार्गे नाशिक रोड किंवा इगतपुरी, तिथून घोटी, आणि घोटीहून बारी. रात्रीच्या प्रवासानंतर लगेच चढायला लागू नका. एक रात्र पायथ्याला झोप काढा आणि पहाटे सहाला निघा. अकराला असाल तिथून मागे फिरायचं, हे चढायच्या आधीच सगळ्यांत ठरवून घ्या, कारण वर गेल्यावर कोणी ऐकत नाही. शनिवार-रविवारी लोखंडी शिड्यांपाशी रांग लागते आणि त्या रांगेतच तास जातो. सोयाबीनची रास झाली, कापसाची पहिली वेचणी उरकली की डिसेंबरातला मधला एखादा वार काढावा. आणि चढायला लागण्याआधी बारीतल्या एखाद्या घरी जेवणाचं सांगून ठेवावं, म्हणजे उतरून आल्यावर पिठलं-भाकरीला थांबावं लागत नाही.